पदराचा हात

माझा उजवा हात डोक्यापर्यंत पोचला होता, पदराचा काठ नुकता बोटांत आला होता, आणि तेवढ्यात पारावरच्या टेबलामागून वस्ती-सुधार योजनेचे साहेब म्हणाले, "छान. बायकांचीही संमती आली. मंजूर." मी हात खाली घ्यायचा विसरले. शेजारी मोहनबाईंचा हातही तसाच वर होता, त्यांच्या पलीकडे लिलाबाईचा, तिच्या पलीकडे सुनंदाचा. सतरंजीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांचे हात संध्याकाळच्या उजेडात वर गेलेले होते, आणि ते कशासाठी वर गेले ते आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर आबांची काठी वाजली होती. आबा म्हणजे जीवराम आबा, माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, गल्लीतले सर्वांत वडील माणूस. त्यांची काठी वाजली की धुळ्याच्या या गल्लीतल्या सुनांचे, सासवांचे, आता आज्या झालेल्यांचेही हात डोक्याकडे जातात. त्याला विचार लागत नाही. पण नेमक्या त्याच क्षणी साहेब पुरुषांकडून आमच्याकडे वळले होते आणि म्हणाले होते, "आता बायकांनी सांगावं. मागच्या आवारात दुकानांचे गाळे बांधायला ज्यांची हरकत नाही, त्यांनी हात वर करा." साहेबांनी एक नजर फिरवली आणि मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. त्यांच्या योजनेचा नियमच असा होता की वस्तीचं काही बदलायचं तर वस्तीला विचारायचं, आणि बायकांनाही विचारायचं. आम्हाला असं याआधी कुणी विचारलेलं नव्हतं. आबा पारापाशी आले, धाप लागलेली, आणि त्यांनी शिलाई मशीनवाल्या गिरधरला विचारलं, "काय ठरनं रे?" गिरधर म्हणाला, "मंजूर व्हयनं, आबा. बाया बी हो म्हनन्या." आबा काही वेळ आमच्या सतरंजीकडे बघत राहिले, म्हणजे आमच्या खाली घातलेल्या डोक्यांकडे. मग म्हणाले, "मी तं नही म्हनाले उनथू." नाही म्हणायला आले होते ते, आणि त्यांच्या येण्यानंच हो झालं होतं. आमच्यातली कुणी बोलली नाही. त्यांच्यासमोर कोण बोलणार?

घरी आले तर हात दुखत होता. दुखत होता म्हणजे तसं काही झालेलं नव्हतं, पण तो आहे हे जाणवत होतं, एरवी जाणवत नाही तसं. कणीक मळताना मी त्याच्याकडे बघत होते. शिरा वर आलेल्या, बोटांची पेरं जाड झालेली, करंगळीजवळ जुना भाजल्याचा डाग. हा हात माझा आहे असं मी आजवर धरून चालले होते. शिरपूरला माहेरी मी केस मोकळे टाकून विटीदांडू खेळले आहे, तेव्हा तो माझाच होता. लग्न होऊन आले आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं, पदर कसा घ्यायचा ते नाही, कधी घ्यायचा ते. खोकला ऐकला की. काठी ऐकली की. चपलेचा आवाज ओळखता आला पाहिजे, म्हणायच्या, बघून पदर घेतला तर उशीर झाला. तेव्हा पारावरून जायचं तर आम्ही चपला काढून हातात घ्यायचो, आणि उन्हाळ्यात फुफाटा पायाला असा भाजायचा की पावलं आपोआप पळायची, वडीलधाऱ्यांना वाटायचं सून लाजरी आहे. एकदा जळगावला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. गुंगी उतरत होती, छत हलत होतं, मी कोण तेही मला धड आठवत नव्हतं, आणि दाराबाहेर आबा खोकले. माझा सलाईन लावलेला हात वर गेला. सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं, नर्स ओरडली की यशोदाबाई हात का हलवता. मी हलवला नव्हता. मुलगा हसून म्हणाला होता, "आई, तुला भूल देतात, तुझ्या पदराला देत नाहीत." तेव्हा मीही हसले होते, टाका दुखेपर्यंत. आता ते आठवलं आणि हसू आलं नाही. कणकेत पाणी जास्त झालं होतं.

मागलं आवार म्हणजे काही मोठी जागा नाही. गल्लीतल्या घरांच्या पाठी एकमेकींना लागतात तिथे एक मोकळा चौकोन राहिलाय, मधे एक आड, पाणी कधीचं मचूळ झालेलं, कडेला धुण्याचा दगड आणि एक बकाणीचं झाड. सगळ्या घरांची मागली दारं तिथे उघडतात. दुपारी तिथे पुरुषानं यायचं नाही, यायचंच असेल तर लांबून खाकरायचं, असा कुणी न घातलेला नियम. चैत्र-वैशाखात तिथे बाजा टाकून त्यांवर ओली धोतरं पसरायची आणि जोंधळ्याचे बिबडे, आमच्याकडचे पापड, घालायचे. मोठ्या पातेल्यात पीठ रटरटत असतं, तिळाचा आणि लसणाचा वास, हात पाण्यात बुडवून गरम गोळा धोतरावर थापत जायचं, थोडं कच्चं पीठ वाटीत घेऊन वर तेल टाकून खायचं. डोक्यावर पदर ठेवला तर पिठात पडतो, म्हणून तिथे पदर खोचलेला असे. तिथेच मी मोहनबाईंचे केस पहिल्यांदा पाहिले. पारसमल शेठच्या त्या बायको, राजस्थानातून आलेल्या, घराबाहेर नाकापर्यंत घुंगट. केस गुडघ्यापर्यंत होते. मी म्हटलं, इतके केस घेऊन तुम्ही एवढी वर्षं कशा काय चूप बसलात, आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की झाडावरचे कावळे उडाले. माझे हे गेले तेव्हा दहाव्यापर्यंत लोक पुढल्या दारानं येत होते, सांत्वन करत होते, आणि मला रडू येत नव्हतं. मग एका दुपारी मी मागलं दार उघडून आडाच्या कठड्यावर जाऊन बसले, कुणी काही बोललं नाही, लिलाबाईनं नुसती माझी वेणी सोडली आणि तेल लावायला घेतलं, तेव्हा रडले. मुलगा जळगावला असतो, दर दिवाळीला म्हणतो, आई, चल आता, तिथे एकटी काय करतेस. मी त्याला आवाराचं कसं सांगू? फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून तो म्हणेल, इथेही ऊन येतं की. खरंच येतं. पण त्या गॅलरीत मी डोक्यावर पदर घेतला काय, न घेतला काय, बघायला कुणी नाही. आवारात पदर खांद्यावर ठेवायला सगळ्या जणी मिळून बसावं लागायचं.

साहेब पुढच्या गुरुवारी चुना टाकायला येणार होते. एकदा चुन्याची रेघ पडली की पाया खणणार, पाया खणला की मग कुणाचं काय ऐकायचं. मला स्वस्थ बसवेना. भांडी घासून झाली की पुन्हा घासावीशी वाटत, दाराशी जाऊन परत यायचे. मला एकच सुचत होतं, आबांनी साहेबांना सांगावं. त्यांचा शब्द कुणी मोडणार नाही. म्हणून मी लिलाबाईकडे गेले. लिलाबाई आबांची सून, माझी तशी पुतणसून, पण वयात फारसं अंतर नाही. आबा ओसरीत बाजेवर बसले होते. मी दाराआड उभी राहिले, पदर ओढून. लग्न होऊन आल्यापासून मी आबांशी एक शब्द थेट बोललेली नाही, त्यांनीही नाही. काही सांगायचं तर भिंतीला सांगायचं किंवा मधे कुणी उभं करायचं. लिलाबाई मधे उभी राहिली, हातात निवडायची मेथी.

मी तिला म्हटलं, "लिला, म्हणावं, त्या दिवशी बायांचे हात पदरासाठी वर गेले. गाळ्यांसाठी नव्हे."

लिलाबाई आबांकडे वळली. आबा म्हणाले, "ऐकं मी. बहिरा नही शे."

"म्हणावं, त्यांनी साहेबांना सांगावं."

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तिले म्हन, मी सांगसू तं ते मनं म्हननं व्हई. मना हात तं वर व्हता नही."

लिलाबाईनं माझ्याकडे बघितलं, जसं काही मला ऐकू आलं नसेल. मग उगाच म्हणाली, "म्हणताहेत, त्यांनी सांगितलं तर ते त्यांचं म्हणणं होईल."

"कळलं मला."

"मग माझं काय काम मधे?" लिलाबाई म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली. ओसरीत आबा आणि दाराआड मी, मधे कुणीच नाही. मी उभी राहिले, ते बसून राहिले, बोलायचं दोघांच्याही मनात असावं, आणि शेवटी मी घरी आले. मला त्यांचा राग आला होता. आयुष्यभर ज्यांचा शब्द चालला त्यांनी नेमका आताच तो काढून ठेवावा. चालताना मात्र दुसरंच काही टोचत होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग मी दारोदार गेले. प्रत्येकीला सांगितलं की आपले हात पदराचे होते, साहेबांना तसं सांगायला हवं, मी सगळ्यांच्या वतीनं सांगते. प्रत्येकीनं मान डोलावली. मान डोलावणं ही आमच्याकडची फार सोपी गोष्ट आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मोहनबाईंनी तर माझा हात हातात घेतला. पारसमल शेठ आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते, त्यांना पहिला गाळा हवा होता हे गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळे मोहनबाई बोलल्या नाहीत, नुसता हात दाबला. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. मी सगळ्याचाच अर्थ हो असा घेत चालले होते, आणि मला बरं वाटत होतं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. शेवटचं घर सुनंदाचं. गिरधरची बायको. गिरधर पुढल्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसतो, पावसाळ्यात मशीन आत घेतो, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसते. सुनंदा काज करत बसली होती. मी माझं सगळं सांगितलं. तिनं मान डोलावली नाही. दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "अक्का, मना हात खरा व्हता."

मी म्हटलं, "आबांची काठी वाजली तेव्हा गेला ना वर?"

"तेन्हा आधीच गया व्हता. तुम्ही देखा नही." मग माझ्याशी नीट बोलावं म्हणून शाळेतल्या मराठीत म्हणाली, "तुम्हाला आवार पाहिजे, अक्का. तुम्हाला पुढल्या दारी सासुरवास होता म्हणून मागलं दार गोड. मला गाळा पाहिजे. गाळ्याला शटर असतं. मी तिथे मशीनवर बसणार, ह्यांच्या जोडीला. पुढच्या दारानं."

मी म्हटलं, बरं. उठताना गुडघा कळवळला, तिनं आधार दिला. बाहेर ऊन असं होतं की गल्ली पांढरी दिसत होती, आणि मला त्या पांढऱ्यात सतरंजीवरचे सगळे हात पुन्हा दिसायला लागले. लिलाबाईचा हात पदराचा होता की नाही हे मी तिला विचारलं होतं का? मोहनबाईंनी माझा हात दाबला तो कशासाठी? जा, बोला, म्हणून की नको, गप्प राहा, म्हणून? साहेबांनी एका नजरेत आमचे हात बघितले आणि त्यांना सगळे एकसारखे दिसले. मीही दारोदार फिरून तेच केलं होतं. मला घरात येऊन पाणी प्यायचं होतं, पण माठाशी उभी राहून मी तांब्या हातात घेऊन तशीच राहिले. सासूबाई म्हणायच्या, आम्हाला विचारायचं काय, आम्ही घरच्याच. विचारायचं ते बाहेरच्याला. त्यांच्या त्या बोलण्यात मला अभिमान वाटायचा. आता वाटलं की त्यांना खरोखर कुणी विचारलं असतं, यशोदेच्या सासूबाई, तुम्हाला काय वाटतं, तर त्या घाबरल्याच असत्या. त्यांना काय वाटतं ते त्यांना शोधावं लागलं असतं, अंधाऱ्या खोलीत वस्तू शोधतात तसं, हात लावून लावून.

गुरुवार उजाडेपर्यंत मी कुणाकडे गेले नाही. बिबड्याचं पीठ भिजत घालायचे दिवस होते, आवारातून हाका येत होत्या, अक्का, येताय ना. मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. दुखतच होतं. खिडकीतून आवार दिसत होतं, मोकळ्या डोक्यांच्या बाया दिसत होत्या, आणि त्यांच्यातली कुठली हो म्हणते, कुठली नाही, हे चेहऱ्यावरून ओळखायचा मी प्रयत्न करत होते, आणि एवढ्या वर्षांच्या ओळखीनंतर मला एकीचंही ओळखता येत नव्हतं. सुनंदा सगळ्यांत मोठ्यानं हसत होती.

गुरुवारी सकाळी साहेब आले, सोबत चुन्याची घमेली आणि दोरी घेतलेला एक माणूस. पारावर पुन्हा टेबल. पारसमल शेठनी चहा मागवला. आबा आपल्या रोजच्या जागी, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. बायका दारांत उभ्या होत्या, कुणी सतरंजी टाकली नव्हती, आज विचारायचं काहीच नव्हतं. मी पायऱ्या उतरले. आबांची नजर माझ्याकडे वळली, माझा हात डोक्याकडे गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं. पदर घेतला, नीट कानामागे खोचला. मग बोलले. आवाज फाटका निघाला, कुणा दुसऱ्या बाईचा असावा तसा.

"साहेब, त्या दिवशी माझा हात पदराचा होता."

साहेबांना कळलं नाही. पारसमल शेठ हसत म्हणाले, "अक्का, आता चुना भिजला."

मी आबांच्या काठीकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही. "हे आले की आम्ही डोक्यावर पदर घेतो. हात त्यासाठी वर गेला. तुमच्या गाळ्यांना माझी हरकत आहे. मला ते आवार हवंय. बाकीच्यांचं मी सांगत नाही. मला माहीत नाही. त्यांना एकेकीला विचारा."

बागूल साहेब तरुण होते. त्यांचं नाव मी तोवर नीट ऐकलंही नव्हतं. ते पिंपळनेरच्याही पलीकडचे, डोंगराकडचे, हे नंतर कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारांतल्या बायकांकडे पाहिलं, त्यांच्या डोक्यांकडे, आणि त्यांचा चेहरा कानांपर्यंत तांबडा झाला. "आमच्याकडे बायका डोक्यावर पदर घेत नाहीत," ते हळू म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही." मग पुरुषांमध्ये कुजबूज सुरू झाली, कुणी म्हणालं, झालेलं झालं, कुणी म्हणालं, म्हाताऱ्या माणसाचं काय ऐकता, म्हणजे माझं. ती सगळी कुजबूज चालू असताना आबा उठले. काठी रोवली, एक पाय खाली, मग दुसरा. सगळे गप्प झाले. माझ्या जवळून जाताना ते थांबले नाहीत, माझ्याशी बोललेही नाहीत. साहेबांना म्हणाले, "आते विचारा," आणि आपल्या घराकडे चालू लागले. त्यांना फार वेळ लागला. गल्लीभर काठी वाजत गेली, दारांतले हात आपापल्या डोक्याशी गेले, मग दार लागल्याचा आवाज आला, आणि हात खाली आले.

साहेबांनी सुनंदाला विचारलं, ती सगळ्यांत जवळ होती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मला गाळा पाहिजे." आवाज स्पष्ट. लिलाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "गाळे नकोत. पण तो आड झाका, पोरं पडतील." हे तिच्या मनात होतं हे मला कधी माहीत नव्हतं. असे एकेक दार पुढे सरकत साहेब मोहनबाईंपाशी आले. पारसमल शेठ म्हणाले, "तिचं काय विचारता, साहेब, मी सांगितलंय ना." साहेब म्हणाले, "त्यांनाच सांगू द्या." घुंगट हलला नाही. आत डोळे कुठे आहेत ते दिसत नव्हतं. चुन्याचा माणूस घमेलं टेकवून उभा होता, शेठजींच्या हातातल्या कपातला चहा निवत चालला होता. मला वाटलं त्या आता शेठजींचं म्हणतील, मग वाटलं माझं म्हणतील, आणि दोन्हींपैकी कुठल्याची मला जास्त भीती वाटतेय ते कळेना.

मोहनबाई म्हणाल्या, "मला विचार करायचाय."

गल्लीतल्या पुरुषांनी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. तो जाडसर होता, सर्दी झाल्यासारखा.

"किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

"ते पण विचार करून सांगते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

साहेबांनी माणसाला खूण केली, त्यानं दोरी गुंडाळली, चुन्याच्या घमेल्यावर गोणपाट टाकलं. शेठजी काहीतरी बोलत होते, ते मी ऐकलं नाही. मी घरातून सरळ मागल्या दारी गेले. आवारात मोहनबाई एकट्या धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या, घुंगट तसाच, हात मांडीवर. मला जवळ जाऊन विचारायचं होतं, काय विचार करताय. मी आडाच्या या बाजूला बसले, त्यांच्याकडे पाठ करून, आणि विचारलं नाही.